फलकावरचे नाव आणि फलकावरचा आकडा

समाजाला शिस्त लावायची म्हटली की आपल्याकडे प्रथम फळा शोधला जातो आणि लगेच त्यावर लिहायला एखादे नाव. गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखाली थकबाकीदारांची यादी लागते. वर्गात मॉनिटर बडबड करणाऱ्या मुलांची नावे खडूने लिहितो. वर्गणी कोणी दिली नाही, हे क्वचित धर्मग्रामाच्या सूचनाफलकावरूनही साऱ्यांना कळते. ‘लाज वाटल्याखेरीज माणूस सुधारत नाही,’ असे याचे समर्थन केले जाते. आम्हांला ते अमान्य आहे. लोकांच्या वर्तनाचा आरसा लोकांपुढे धरावा, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु आरसा आणि चव्हाटा यांत भेद आहे.

विलेपार्ल्याच्या स्वामी विवेकानंद मार्गावर, नानावटी रुग्णालयाजवळ, हॉर्न कोण वाजवतो असे वाहनचालकांना विचारून पाहावे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली आहे; पण कानाला डेसिबल मोजता येत नाहीत, आणि गोंगाटातला आपला वाटा तर कोणालाच ऐकू येत नाही. असे सामुदायिक दोष एकट्यादुकट्याला पकडून जात नाहीत.

मुंबई पोलिसांनी हे ओळखले. ३१ जानेवारी २०२० रोजी त्यांनी आपल्या एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली. शहरातील काही चौकांत सिग्नलला ध्वनिमापक जोडला होता. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. आकडा सर्वांसमोर होता. नाव मात्र कोणाचेच नव्हते. शांत उभ्या असलेल्याने का ताटकळावे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याला फार तर काही क्षण थांबावे लागते; फळ्यावर नाव लागलेल्या मुलाला ते वर्षभर चिकटते. या दोहोंत अन्याय मोठा कोणता?

ग्रामीण महाराष्ट्राने दोन्ही वाटा चोखाळल्या आहेत. स्वच्छता मोहिमांत ‘गुड मॉर्निंग पथके’ पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना गाठत. कुठे गुलाबाचे फूल देत, कुठे छायाचित्रे काढीत. घरी शौचालय बांधायला जागा नसलेल्या बाईला त्या फुलाने काय दिले? उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, पाऊस आणि विहिरींची पातळी मोजली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला आणि त्यावरून पिके ठरविली. तेथे कोणा शेतकऱ्याला उभे करून बोल लावावा लागला नाही. पाणी किती उरले, हे साऱ्यांना दिसत होते.

आकडाही सावधपणेच वापरावा लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावी काही कुटुंबांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळविण्यात आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जास्त वापरणाऱ्यांनी वापर घटविला. कमी वापरणाऱ्यांनी मात्र वाढविला! त्यांच्या पत्रावर हसऱ्या चेहऱ्याचे लहानसे चित्र काढताच ही वाढ थांबली. नुसता आकडा चांगल्यालाही सरासरीकडे खेचतो. त्याच्या जोडीला कौतुकाचा शब्द हवा.

शाळेत धोका आणखी मोठा. ‘आज वर्गाने तीन तास शांततेत काढले’ अशी नोंद वर्गाला एकत्र आणील; पण एका चंचल मुलामुळे ती नोंद मोडली, तर तीस मुले त्याच्यावर तुटून पडतील. म्हणून त्या मुलाला शिक्षकाने बाजूला घेऊन समजवावे. चुकलेल्या भावाशी प्रथम एकांतात बोलावे, ही शुभवर्तमानातील शिकवण आपण मिस्साला ऐकतो. ती शाळेच्या दारापाशी का थांबावी?

पालकसभेपुढे आणि धर्मग्रामाच्या परिषदेपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. एक, फलकावर समूहाचा आकडा असावा, व्यक्तीचे नाव नसावे. दोन, ज्यांचे वर्तन मोजायचे, त्यांनीच काय मोजायचे ते ठरवावे आणि नोंदही त्यांनीच ठेवावी. तीन, आणि हीच आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्याच फलकावर अधिकाऱ्यांचाही हिशेब असावा. किती मुले उशिरा आली हे लिहिणाऱ्या शाळेने पालकांच्या किती तक्रारींना उत्तर दिले, हेही लिहावे. वर्गणीची बेरीज लावणाऱ्या समितीने खर्चाची बेरीज तिच्या शेजारी लावावी.

तिसऱ्या मागणीला सर्वांत अधिक विरोध होईल, हे आम्ही जाणून आहोत. मुलाचे नाव फळ्यावर लिहिताना ज्यांचा हात कधी अडखळला नाही, त्यांनी आपला हिशेब लिहिताना का अडखळावे, एवढेच आम्ही त्यांना विचारू इच्छितो.