नवी तार वाजेना तेव्हा

वाचकहो, नव्या वस्तूवर आपला भारी भरवसा असतो. विहिरीवरच्या मोटारीला नवा भाग बसवला आणि तरी पाणी येईना, तर आपण बाकीचे सगळे तपासतो. तो नवा भाग मात्र तपासत नाही. का, तर तो नवा! या समजुतीपायी आमच्या घरची एक कालवड जाता जाता राहिली.

आमचा पुतण्या गावच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चारच, पण जाड आणि लांब. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर वाजणारी अशी गिटार बाजारात आणली आणि तीच घडण पुढे रूढ झाली. तारेची वाजणारी लांबी साधारण ३४ इंच. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तबल्याच्या जोडीला डग्ग्याचा घुमारा असावा, तसा हिचा खालचा सूर सगळ्या गाण्याला आधार देतो.

यात्रेला आठ दिवस राहिले होते. पोराने तालुक्याहून तारांचा नवा संच आणून चढवला. दोन तारा ठणठणीत वाजल्या. तिसरी मुकी, आणि सगळ्यांत जाडी चौथी तर पोते बडवल्यासारखी भद्द. सूर लावावा तर दोन सूर एकमेकांत भांडल्यासारखा आवाज थरथरे. ऑर्केस्ट्रातली पोरे हसली, "नाचता येईना अंगण वाकडे!" पोर दोन दिवस नीट जेवले नाही. शेवटी दादा मला म्हणाला, "वाद्यच गेलं असंल बाबा. कालवड देऊन टाकू आन् नवी घेऊ."

मी म्हटले, "दादा, कालवड कुठे पळून जात नाही. आधी दोष कुठे आहे ते तर बघू."

मंडळी, अशा वेळी एकच नियम पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला, ते कधीच कळत नाही.

नवी तार पहिले एक-दोन दिवस ताणत जाते आणि सूर उतरतो. तो दोष नव्हे; पुन्हा पुन्हा लावली की ती बसते. चढवताना तारेला पीळ पडला असेल तरी आवाज मरतो. तार सैल करून खुंटीवरून सोडवावी, पीळ उलगडू द्यावा आणि सरळ चढवावी. गिटारच्या पोटात तारांखाली चुंबके असतात. ती फार वर आली तर तारेला ओढून धरतात आणि सूर थरथरतो. स्क्रू फिरवून ती थोडी खाली घ्यावीत. आवाज यंत्रातून बिघडतो की तारेतूनच, हे कळायला यंत्र बंद करून गिटारच्या लाकडाला कान लावून ऐकावे. हे सारे आम्ही केले. फरक पडला नाही.

मग खरी परीक्षा केली. जुन्या तारा वहिनींनी कुंपणाला बांधायला होतील म्हणून खुंटीला अडकवून ठेवल्या होत्या. जुनी चौथी तार त्याच जागी चढवली. आवाज जुनाच, पण सूर भरीव आणि स्थिर! म्हणजे गिटार ठीक होती. जुनी तार लावूनही तोच बिघाड राहिला असता, तर दोष वाद्यात : घोडीत, पडद्यात किंवा दांडीत. मग कारागिराकडे जावे. बिघाड तारेबरोबर गेला, तर दोष तारेत. म्हणून सांगतो, नवा संच नीट लागेपर्यंत जुना टाकू नये.

नवी चौथी तार उजेडात धरून तिच्यावरून बोट फिरवले. या जाड तारेच्या पोटात सरळ पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गच्च गुंडाळलेली असते, चाबकाच्या मुठीवर दोरी गुंडाळावी तशी. एके ठिकाणी ती वेटोळी विरळ झाली होती. वजन सगळीकडे सारखे नसले की तार एका सुरात कंप पावत नाही. ही चूक कारखान्यातली.

तिसऱ्या तारेची गोष्ट निराळी. मी पोराला विचारले, "जास्तीचं टोक कधी तोडलंस?"

"चढवायच्या आधीच, काका."

तिथेच घात झाला. काही तारांचा गाभा गोल असतो. अशी तार न वाकवता तोडली की वेटोळी टोकापासून सैल होतात आणि आवाज जातो. आधी पकडीने काटकोनात घट्ट वाकवावी, वाकवलेल्या जागेच्या पुढे तोडावी, मग खुंटीत घालावी. ही चूक आमची.

पावती घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदार आधी म्हणाला, "चढवलेली तार परत घेत नाही." पोराने वाद न घालता त्यांच्याच गिटारवर जुनी तार वाजवून दाखवली, मग नवी. त्याने निमूट बदलून दिली. "तिसरीपण ह्यातच खपवू का?" असे पोराने वाटेत विचारले होते. मी नाही म्हटले. तिचे पैसे आम्ही मोजले. आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या माथी मारले, तर उद्या खऱ्या तक्रारीलाही कोणी किंमत देत नाही.

दुकानदाराने ऐकलेच नसते तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सदोष मालाबद्दल दाद मागायचा हक्क देतो. १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र हाती पुरावा हवा. पेरणी झाल्यावर आपण बियाण्याची पिशवी, खूणचिठ्ठी, बिल आणि मूठभर बी राखून ठेवतो ना? तीच सवय तारेलाही लावा, पंपालाही लावा.

यात्रेच्या रात्री मी मंडपात मागे बसलो होतो. तो खालचा सूर जमिनीतून पायाला लागत होता. दादा शेजारी होता. गाण्यातले त्याला फारसे कळत नाही. तो एवढेच म्हणाला, "अंगण वाकडं नव्हतं म्हणायचं."

कालवड गोठ्यात आहे. यंदा ती गाभण आहे.