तिकिटात सवलत दिली, पायरी तशीच ठेवली

बाबासाहेबांनी 'हरिजन' हा शब्द का नाकारला, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. गोड नाव द्यायचे आणि हक्काचा विषय टाळायचा, हा कावा त्यांनी ओळखला होता. अपंगांना 'दिव्यांग' म्हणणे हा त्यातलाच प्रकार आहे.

एसटीचे उदाहरण घ्या. अपंग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. पण साध्या लाल गाडीच्या उंच पायऱ्या व्हीलचेअरवरचा माणूस चढणार कसा? दोघांनी काखेत हात घालून त्याला उचलायचे. यात सन्मान नाही आणि सुरक्षितताही नाही. हात निसटला तर जबाबदार कोण?

अडचण पायात नाही, पायरीत आहे. हा विचार आपल्याला नवा नाही. अस्पृश्यता माणसाच्या अंगात नव्हती, व्यवस्थेत होती. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन आपण सार्वजनिक जागेवरचा हक्क बजावला. बसही सार्वजनिकच आहे.

तंत्रज्ञान नाही, ही सबब आता चालणार नाही. लो-फ्लोअर बस, थांब्यावर दाराकडे झुकणारी बस, रॅम्प, व्हीलचेअर बांधून ठेवणारे पट्टे, थांब्याचे नाव पुकारणारी यंत्रणा, सगळे उपलब्ध आहे. मात्र अपंगांना विसरून आणलेले तंत्रज्ञान नवा धोका निर्माण करते. कमी वेगातली इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ आवाजच करत नाही आणि अंध माणूस तर आवाजावरून रस्ता ओलांडतो. म्हणूनच युरोपीय संघाने जुलै 2021 पासून सर्व नव्या इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात इशाऱ्याचा आवाज सक्तीचा केला.

आपल्याकडे 2016 च्या अपंग हक्क कायद्याचे कलम 41 वाहतुकीबद्दलच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत.

हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून सोडू नका. 2011 च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण 2.21 टक्के होते, अनुसूचित जातींत 2.45 टक्के. स्वतःची गाडी नसलेल्यांना बस चुकली की शाळा, दवाखाना, नोकरी सगळेच चुकते.

तेव्हा मित्रांनो, आपल्या शहरात नव्या बस येणार असतील तर निविदेच्या अटी माहिती अधिकारात मागवा. रॅम्प आणि पट्टे आहेत का ते पाहा. नसतील तर गाड्या रस्त्यावर येण्याआधीच आवाज उठवा. आपल्याला दया नको, दार हवे आहे.

जय भीम!