पिल्लाच्या अंगावरचे पट्टे

पिल्लू मोठं झाल्यावर कसं दिसेल, हा प्रश्न माणसाला फार लवकर पडतो. आणि त्याचं छातीठोक उत्तर देणारंही कोणीतरी लगेच भेटतं.

आमच्या पिरंगुटमध्ये गेल्या काही वर्षांत टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर पुण्यातल्या सगळ्या हौशीही आल्या. कोणाकडे मासे, कोणाकडे पर्शियन मांजर. आमच्या सोसायटीतल्या अकरावीतल्या एका मुलाने लेपर्ड गेकोचं पिल्लू आणलं. बोटाएवढं. पिवळट अंगावर गडद आडवे पट्टे, शेपटीवर काळी-पांढरी वळी. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की मोठेपणी हे पट्टे जातील आणि अंग पूर्ण केशरी होईल. किंमतही त्या केशरी रंगाचीच घेतली होती. मुलगा मोबाइलवर तीन मोठ्या गेकोंचे फोटो दाखवून मला विचारत होता, "काका, यातला कोणता होईल?"

मी म्हटलं, "सांगता येत नाही." तो हिरमुसला. पण मला वाटतं, या प्रश्नाचं हेच सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. ते का, ते जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. साध्या लेपर्ड गेकोचे लहानपणचे पट्टे टिकत नाहीत. ते हळूहळू फुटतात, त्यांचे ठिपके होतात आणि साधारण वर्षभरात ते पिल्लू नावाप्रमाणे बिबट्यासारखं दिसायला लागतं. पण ठिपके किती, कुठे, मधला रंग लिंबासारखा की मातकट, हे पट्ट्यांवरून वाचता येत नाही. मर्फी पॅटर्नलेस नावाचा एक प्रकार आहे. त्याची पिल्लं डागाळलेली असतात आणि मोठेपणी डाग जाऊन अंग कोरं होतं. मॅक स्नो प्रकारचं पिल्लू काळं-पांढरं असतं, आणि ज्या पांढऱ्यासाठी लोक पैसे मोजतात त्यात वय वाढेल तसा बहुतेक वेळा पिवळा रंग उतरत जातो.

"आईबाप बघितले की कळतं," असं म्हणणारे भेटतात. थोडंफार कळतं, नाही असं नाही. पण या पालींमध्ये अल्बिनोचे तीन वेगवेगळे वंश आहेत: ट्रेंपर, बेल आणि रेनवॉटर. दोन वेगळ्या वंशांचे फिकट आईबाप एकत्र आणले तर पिल्लं चक्क साधी, गडद पट्ट्यांची होतात. कारण प्रत्येक वंशातला बिघाड वेगळा, आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जिथे हिशोब सोपा असतो तिथेही गंमत आहे. दिसायला साध्या पण अल्बिनोचा गुण लपवून असलेल्या, एकाच वंशाच्या जोडीला अल्बिनो पिल्लू होण्याची शक्यता चारात एक. मादी एका वेळेला बहुधा दोनच अंडी घालते. म्हणजे दोन्ही अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता सोळात नऊ, निम्म्याहून जास्त! 'चारात एक' ऐकून आपल्याला मात्र वाटतं, एक तर आपलं नक्की.

त्यातून तापमान. या पालींमध्ये नर होणार की मादी हे अंडं किती उबेत ठेवलं त्यावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर, आणि ३४ च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. रंगही त्याच उबेवर हलतो. ट्रेंपर अल्बिनोचं अंडं थंडाव्यात उबवलं तर पिल्लू चॉकलेटी निघतं, उबेत ठेवलं तर उजळ. म्हणजे आईबाप तेच, गुण तेच, आणि रंग वेगळा. अंडी किती अंशांवर ठेवली होती, हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता जरा आपल्या घरच्या पालींकडे येतो. बाजारातला लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडचा. पण त्याचा सख्खा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही आहे: इयुब्लेफारिस फस्कस. कोरड्या, दगडगोट्यांच्या माळरानावर राहणारा, रात्री हिंडणारा. मध्य प्रदेशातल्या सातपुड्यातून आणखी एका भावंडाला २०१४ साली झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्र नाव दिलं. पूर्वेकडे ओडिशा-छत्तीसगडच्या बाजूला तिसरा आहे, इयुब्लेफारिस हार्डविकी. या सगळ्यांचं बालपण पट्टेरीच. पण आपल्या फस्कसचे पट्टे मोडून ठिपके होतात, आणि हार्डविकी मात्र लहानपणचे रुंद पट्टे आयुष्यभर अंगावर बाळगतो. सुरुवात सारखी, शेवट वेगळा.

आणि इथे हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही. पट्टेरी पिल्लू दिसलं की लोकांना ते विषारी वाटतं. मोठी ठिपकेवाली पाल निराळा प्राणी वाटते आणि तिचं पिल्लू निराळा, 'जास्त जहरी' प्राणी. आमच्या इकडे घोरपडीच्या पिल्लाचं तेच होतं. मोठी घोरपड मातकट, पिल्लू ठिपक्यांचं आणि चमकदार, म्हणून ते दिसलं की कोणीतरी काठी शोधतं. भारतात एकही पाल विषारी नाही, हे कितीदा सांगितलं तरी पट्टे जिंकतात! पिल्लाच्या रंगावरून भविष्य सांगायची ही दुसरी बाजू. बाजारात त्या रंगाची किंमत लावतात, माळावर त्याच रंगापायी ते जिवाला मुकतं.

रंगाचा अंदाज बरोबर आला तरी काय होतं, त्याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेत लेमन फ्रॉस्ट नावाचा प्रकार निघाला. सुंदर, बर्फ शिंपडल्यासारखा. हा गुण पिल्लांमध्ये हमखास उतरायचा, म्हणजे भविष्य सांगणाऱ्यांसाठी याहून सोपं काही नव्हतं. किमती भरमसाट गेल्या. मग यातल्या बहुतेक पालींच्या अंगावर पांढऱ्या गाठी यायला लागल्या. २०२१ साली लाँगहुआ गुओ, लिओनिड क्रुग्लियाक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यात दाखवलं होतं की हा पांढरा रंग आणि त्या गाठी एकाच जनुकाशी जोडलेल्या आहेत. रंग देणाऱ्या पेशींचीच बेसुमार वाढ. रंगाचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं, आणि त्या प्राण्याबद्दल महत्त्वाचं काहीच कोणी विचारलं नव्हतं.

हे सगळं लिहिताना मला बारशाची आठवण येते. बाळ आठ-पंधरा दिवसांचं नाही तोवर कोणीतरी आत्या नाहीतर मावशी त्याच्या कानाची पाळी बघून सांगते, "आत्ता गोरं दिसतंय, पण रंग उतरणार हो!" आता, जन्मल्यावर काही महिने बाळाच्या त्वचेचा रंग गडद होत जातो हे खरंच आहे. त्यात भविष्य कसलं? पण त्या वाक्याने आईचा चेहरा पडतो, आणि मुलगी असली तर जरा जास्तच पडतो. बाळ दूध नीट पितंय का, वजन वाढतंय का, हे नंतर. आधी रंग.

माझं मत एवढंच आहे. पिल्लाचं मोठेपणचं रूप सांगणं हे थोडं गणित, थोडं तापमान आणि बरंचसं नशीब आहे. जो शक्यता सांगतो त्याचं ऐकावं. जो खात्री देतो तो आपल्याला फोटो विकतोय असं समजावं. आईबाप दाखवा, अंडी किती अंशांवर ठेवली ते सांगा, इतके दोन प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत. आणि रंग-नक्षीच महत्त्वाची वाटत असेल तर वर्षभराचा झालेला प्राणी घ्यावा, पिल्लू घेऊच नये.

त्या मुलाला मी शेवटी म्हटलं, "हा प्राणी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. तोवर तुझं शिक्षण, नोकरी, कदाचित लग्नही झालेलं असेल. केशरी झाला नाही तरी तेवढी वर्षं सांभाळशील का?" त्याने लगेच 'हो' म्हटलं नाही, विचार करतो म्हणाला. मला ते उत्तर आवडलं.