माघारीचे शहाणपण

उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी बर्फाचा थर घसरला आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील २९ जण प्राणांस मुकले. मृतांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही शिखरे त्यांनी सोळा दिवसांत सर केली होती. हिमालय त्यांना अपरिचित होता असे कोणी म्हणणार नाही. अशा दुर्घटनेनंतर ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द ठरल्याप्रमाणे उच्चारले जातात आणि पुढील विचार थांबतो. हिमस्खलनालाही नियम असतात, ही गोष्ट मात्र दृष्टीआड होते.

वाऱ्याने दाबलेला बर्फाचा घट्ट थर पुष्कळदा साखरेसारख्या भुसभुशीत कणांवर बसलेला असतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की एका माणसाचे वजनही तो थर मोडण्यास पुरते. स्खलनात सापडणाऱ्या बहुसंख्य गिर्यारोहकांच्या बाबतीत त्याला धक्का देणारा तो स्वतः किंवा त्याचा सोबतीच असतो. हिमवर्षाव व वारा थांबल्यावर येणारा लख्ख दिवस मोहक दिसतो. पण नवा थर अद्याप स्थिरावलेला नसल्याने तोच सर्वांत फसवा ठरतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर तिघांतला एखादाच. म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत निकाल लागलेला असतो. वाचवायचे ते सोबत्यांनीच, आणि त्यांच्यापाशी शोधयंत्र, लांब सळई व फावडे असेल तरच.

या विषयाचे ज्ञान देशात नाही असे नव्हे. हिम व हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झाली. २०२० मध्ये ती चंडीगडच्या नव्या संस्थेत विलीन झाली. हिमालयातील जिल्ह्यांसाठी इशारेही दिले जातात. परंतु जिल्ह्याचा इशारा समोरच्या विशिष्ट उताराविषयी बोलू शकत नाही. शिवाय इशारा असणे वेगळे आणि तो वाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचणे वेगळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकल्याचे जगाला ठाऊक होते. तरीही दोनच दिवसांनी नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात आणि थोरोंग खिंडीच्या वाटेवर हिमवादळाने व हिमस्खलनाने चाळीसहून अधिक माणसे गिळली.

महाराष्ट्राने याचा विचार करावयास हवा, कारण पुण्या-मुंबईहून हिमालयात जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सह्याद्री पायांना बळ देतो, कातळाची ओळख करून देतो. बर्फ वाचावयास तो शिकवू शकत नाही. त्यात रजा मोजकी, परतीचे तिकीट आरक्षित, शुल्क आगाऊ भरलेले. अशा मोहिमेत माघार म्हणजे पैसे आणि अभिमान दोन्ही बुडाल्याची भावना होते. नेत्याला धोका दिसत असतानाही त्याचे पाऊल पुढे पडते ते या ओझ्यामुळे.

यावर उपाय अवघड नाहीत. हिमप्रदेशात मोहीम नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने कार्यक्रमात किमान दोन राखीव दिवस ठेवावेत, बचावाची साधने प्रत्येकाला देऊन ती वापरण्याचा सराव करून घ्यावा आणि माघारीचा नेत्याचा निर्णय अंतिम राहील हे शुल्क घेतानाच लेखी सांगावे. खर्च वाढेल ही तक्रार खरी आहे. पण जी मोहीम या खर्चाशिवायच परवडते, ती मुळात परवडणारी नव्हे. शिखर पुढल्या वर्षीही तेथेच असते. त्याला भेटावयास माणूस उरला पाहिजे, एवढीच गिर्यारोहणाची पहिली अट आहे.