बसलेला आवाज

परवा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी घोगऱ्या, हवा सुटल्यासारख्या आवाजात बोललं, आणि मी विचारलं, "कोण बोलतंय?" क्षणभर शांतता... मग, "अगं, मी." मावशी! ज्या मावशीनं मला बाराखडी शिकवली, तिचा आवाज मला ओळखता आला नाही.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर दोन महिने आम्ही सगळे (मीही!) तिला ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध सुचवत होतो. घसा बसलाय, होईल बरा. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं, तेव्हा कळलं की डावा स्वरतंतू हलतच नाहीये. बोलताना दोन्ही स्वरतंतू जवळ येऊन सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. त्यांना हलवणारी नस थायरॉइडला अगदी खेटून जाते. गंमत म्हणजे डावीकडची नस सरळ गळ्यात येतच नाही. आधी छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि मग परत वर येते! ऑपरेशनमध्ये ती नुसती ताणली गेली तरी तो तंतू थबकतो. मग फट राहते, हवा निसटते, वाक्याआधी दम संपतो, पाणी पिताना ठसका लागतो. ज्येष्ठमध तिथे काय करणार?

अगदी काळजीपूर्वक केलेल्या ऑपरेशनमध्येही हे होऊ शकतं, त्यामुळे डॉक्टरांना दोष देत नाही. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे. मावशीनं तीस वर्षं शाळेत शिकवलं, खडूइतकाच आवाज झिजवला. आता लग्नाकार्यात तिला "जोरात बोल की" म्हणतात. दोनदा सांगूनही ऐकू गेलं नाही की ती "काही नाही" म्हणून गप्प बसते. आणि आपण ठरवून मोकळे : हल्ली फार तुटक वागते हो! दुखापत स्वरयंत्राला झालीय, स्वभावाला नाही.

नस काही महिन्यांत, कधी वर्षभरानं सावरू शकते. तोवर आवाजाचे व्यायाम चालू आहेत. नाहीच जमलं तर इंजेक्शननं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं तो तंतू मध्याकडे सरकवता येतो. (आणि हो, "कुजबुजत बोल, आराम पडेल" हा सल्ला नको. त्यानं ताण वाढू शकतो.)

असो. नातेवाईक मंडळी, वाचताय ना? रविवारी मावशीकडे जमतोय. टीव्ही बंद, मिक्सर बंद. तिच्या जवळ बसायचं. आणि तिचं वाक्य मध्येच कुणी पुरं करायचं नाही. मीसुद्धा नाही.