दुसऱ्याची वळ पुसायची न्हाई

"सर, माझी वळ कुणीतरी पुसली!"

चौथीतला पोरगा रडकुंडीला आला होता. कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या एका शाळेत मी दर शनिवारी शिकवायला जायचो. चार जुने लॅपटॉप, माझ्या फोनचा हॉटस्पॉट आणि गुगल डॉक्सचं एक कोरं पान. विषय होता २०२१चा पूर. एका लॅपटॉपवर पाच जण, पण पान सगळ्यांचं एकच. नुसत्या लिंकवरून आत आलेल्याला गुगल नावाऐवजी एखादा प्राणी देतं, त्यामुळे कुणी कोल्हा होता, कुणी कासव.

त्या पोरानं अक्षर शोधत शोधत टाइप केलं होतं: "पाणी आलं तवा आमी आठ दिस शाळंत ऱ्हायलो." ती ओळ गायब. गावाचं नाव खराब होतं म्हणे, म्हणून दुसऱ्या गटातल्या कुणीतरी ती उडवली होती.

मी व्हर्जन हिस्टरी उघडली, मागं गेलो आणि ओळ परत आणली. वर्ग चिडीचूप. पुढच्या शनिवारी पोरांनी स्वतःच फळ्यावर नियम लिहिला: "दुसऱ्याची वळ पुसायची न्हाई. पटली न्हाई तर खाली आपली ल्ह्यायची."

महिन्याभरात तो तास बंद झाला. "एवढ्या लहान पोरांना कशाला ही थेरं? आधी अक्षर सुधारू दे."

माझं भांडण या 'आधी'शी आहे. आपल्याकडं 'डिजिटल शाळा' म्हणजे बहुतेकदा भिंतीवरचा टीव्ही आणि समोर मांडी घालून बसलेली पोरं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा किती घरांत ऑनलाइन शिक्षण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठाचा फोटो आणि यूट्यूबची लिंक, एवढंच होतं! पोरानं फक्त बघायचं. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आपण त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला आणि पोरांना पुन्हा टीव्हीसमोर बसवलं.

आक्षेप मला मान्य आहेत. डोळ्यांची काळजी रास्त आहे, माहितीचीही. २०२३चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. बरोबरच आहे. मग पालकांना विचारा. खातं शिक्षकाचं ठेवा, पान वर्गापुरतं ठेवा, आठवड्याला अर्धा तास द्या. वही-पेन्सिल कुणी काढून घेत नाहीये. पण 'नेट नाही, लॅपटॉप नाहीत' हे कारण सांगत असाल, तर ती मागणी करायची जागा आहे, तास बंद करायचं निमित्त नव्हे.

आणि हे कोल्हापूर आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं गोखल्यांचं विधेयक १९१२ मध्ये इंग्रजांच्या कायदेमंडळात फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. 'आधी पोरं लायक होऊ देत' म्हणत ते बसले असते तर?

तुम्ही हे फोनवर वाचताय. तुमच्या भावकीच्या, गल्लीच्या, कॉलेजच्या ग्रुपवर न पटणारं बोललं की काय होतं, आठवून बघा. माणूसच रिमूव्ह. दुसऱ्याचं न पुसता आपलं कसं लिहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? चौथीतली पोरं ते दोन शनिवारांत शिकली. सातवी-आठवीत त्यांच्या हातात फोन येईलच, शाळेनं शिकवलं तरी आणि नाही शिकवलं तरी.

ते पान अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. आठ दिवसांची ओळ जागेवर आहे. तिच्याखाली कुणा कासवानं लिहिलंय: "आमीबी."