वाहिन्यांची नावे आणि मराठीचे स्थान

ताथवड्यासारख्या वस्तीत कारखान्यांमुळे आलेली कानडी बिऱ्हाडे मराठी घरांशेजारी नांदतात. मालिकांची भाषा निराळी, पडद्याच्या कोपऱ्यातील बोधचिन्ह मात्र एकच असू शकते. १९९९ साली सुरू झालेली ‘अल्फा मराठी’ २००५ साली ‘झी मराठी’ झाली. ‘ईटीव्ही मराठी’ने २०१५ साली कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया भगिनींसह ‘कलर्स’ हे नाव धारण केले. एकाच नावाचा लौकिक सर्व प्रांतांत वटविता आला, म्हणजे प्रत्येक भाषेत तो नव्याने उभारण्याचा खर्च वाचतो. व्यापारी गणित बिनचूक आहे. मराठी मात्र नावाच्या शेवटीच राहिली. (‘अल्फा’ तरी कोठे मराठी होते!) दूरदर्शनच्या मराठी वाहिनीचे ‘सह्याद्री’ हे नाव अन्य प्रांतांत खपणारे नव्हे. २००८ साली आलेल्या ‘स्टार प्रवाह’ने आपल्या भाषेतला शब्द घेतला खरा, परंतु पुढची जागा मालकाच्याच नावाला दिली.